टक्के कशावर? आत्याच्या रहस्यकथांच्या ई-पुस्तकाच्या नोंदी

६ जून २०२४
काम पक्कं झालं. आत्याच्या रहस्यकथा ई-पुस्तक म्हणून काढायच्या. १९८७ ते २००३ या काळात वेगवेगळ्या दिवाळी अंकांतून आलेल्या. नायक भूकरमापक, म्हणजे गावात ज्याला मोजणीदार म्हणतात तो. आत्या स्वतः भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळे या कथांमध्ये पिस्तुलं कमी आणि कोरलेले बांध जास्त. माणूस मरतो तो बहुधा वाटणीच्या आधी, नाहीतर फेरफार मंजूर झाल्यावर.

लिहिलेलं तिचं, बाकी सगळं माझं: मजकूर उतरवणं, फाइल बनवणं, मुखपृष्ठ करून घेणं, खातं सांभाळणं. मी म्हटलं, मला २५ टक्के दे. तिने लगेच विचारलं, "कशावर?"

मी म्हटलं, येतील त्यावर.

"येतील म्हणजे? पुस्तकाच्या किमतीवर, बँकेत पडतील त्यावर, की माझा कर भरून उरतील त्यावर? अगं, क्षेत्र लिहिल्याशिवाय हिस्सा लिहीत नाहीत."

शेवटी एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या: बँकेत जमा झालेल्या रकमेच्या २५ टक्के, कर ज्याचा त्याने भरायचा, छापील आवृत्ती निघाली तर तिचा हिशोब वेगळा. घरातल्या घरात करार कशाला, असं आईचं म्हणणं. आत्या म्हणाली, माझी सगळी नोकरी घरातल्या घरातल्या भांडणांवरच झाली.

११ जून
सामान तीन प्रकारचं. जुने अंक खिळ्यांच्या (शिशाच्या टाइपांच्या) जुळणीवर छापलेले, कागद पिवळा, कडा तुटायला आलेल्या. मधल्या काळातल्या कथांच्या नुसत्या झेरॉक्स. आणि १९९८ मध्ये निघालेल्या संग्रहाची एक सीडी, डीटीपीवाल्याने तेव्हा आत्याला दिलेली. त्यात पेजमेकरच्या (पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या) फाइली आणि जुन्या, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या) आधीच्या फॉन्टातला मजकूर. सीडी वाचली गेली हेच नवल.

१९ जून
हक्कांचा प्रश्न आधी. या कथा आत्याच्याच आहेत हे आम्हाला माहीत असून भागत नाही. केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, ॲमेझॉनवर आपलं पुस्तक आपणच विकायला ठेवायची सोय) पुस्तक टाकताना हक्क आपल्याकडे आहेत असं आपण लिहून देतो, आणि त्याची जबाबदारी आपली.

दिवाळी अंकांचं सोपं निघालं. आत्याला मनिऑर्डरने मानधन यायचं आणि एक अंक. कुठल्याही कागदावर तिने सही केलेली नाही. कॉपीराइटचं हस्तांतर लेखी हवं, आणि हक्क देणाऱ्याची सही हवी, हे १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये स्पष्ट आहे. ती त्या मासिकांची नोकरदार नव्हती, म्हणजे नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा नियमही लागत नाही. एकदा छापायला दिलं, इतकंच.

१९९८ च्या संग्रहासाठी ओळखीच्या वकिलीणबाईंकडे गेलो. आमच्याकडे प्रकाशकाचं पत्र आहे: आपला संग्रह स्वीकारला, एकरकमी मानधन अमुक. मुदत नाही, आवृत्त्यांचा उल्लेख नाही. वकिलीणबाईंनी पत्र वाचायच्या आधी तारीख पाहिली आणि विचारलं, "१० मे १९९५ च्या आधीचं की नंतरचं?" त्या दिवशी १९९४ ची दुरुस्ती अमलात आली. त्यानंतरच्या हस्तांतरात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं धरतात. आधीच्या करारांना हे लागू नाही, तिथे कागदात काय लिहिलंय ते उकरत बसावं लागतं. आमचं पत्र १९९८ चं, म्हणजे हस्तांतर झालं असं मानलं तरी ते २००३ मध्ये संपलं. शिवाय पत्रावर सही प्रकाशकाची, आत्याची नाहीच. दोन्हीकडून मोकळं.

प्रकाशन केव्हाच बंद झालंय. तरी त्यांच्या मुलाला आत्याने एक साधं पत्र टाकलं. कायद्याला गरज नव्हती, तिला होती.

चित्रं मात्र गाळायची. दिवाळी अंकातली रेखाटनं सुंदर आहेत, पण ती चित्रकारांची. कथा आपली म्हणून शेजारचं चित्रही आपलं होत नाही.

२५ जून
शेजारचा मुलगा येऊन गेला. त्याने ऑनलाइन कमाईचे व्हिडिओ पाहिलेत. म्हणाला, एवढे कष्ट कशाला, हक्क संपलेली जुनी पुस्तकं टाका, कोऱ्या वह्या टाका, मशीनकडून (एआयकडून) लिहून घ्या, रोज एक.

उत्तर नोंदवून ठेवते, पुन्हा कोणी विचारेल. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे २०२४ मध्ये १९६३ पर्यंत गेलेल्यांचं लेखन मोकळं आहे. पण अशा पुस्तकावर केडीपी ३५ टक्केच देतं, आणि तेच पुस्तक तिथे फुकट मिळत असेल तर आपल्या आवृत्तीत अनुवाद, टिपा किंवा चित्रं असं काहीतरी स्वतःचं असावं लागतं. टिपा लिहायच्या म्हणजे पुन्हा कष्टच. मशीनने तयार केलेला मजकूर, चित्र किंवा अनुवाद असेल तर २०२३ पासून तसं सांगावं लागतं, आणि दिवसाला किती नवी पुस्तकं टाकायची यावरही तेव्हापासून मर्यादा आहे. ज्यांना जमतं त्यांनी करावं. मला तरी त्या गर्दीत आत्याचा मोजणीदार उभा करायचा नाही.

८ जुलै
जुन्या अंकांचं स्कॅनिंग झालं. मशीनने अक्षरं ओळखून दिलेला मजकूर वरवर पाहता छान. वाचायला बसलं की कळतं. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांच्यात खिळ्यांची शाई पसरली की मशीन अंदाज मारतं. "भाऊ म्हणाला" याचं सगळीकडे "माऊ म्हणाला" झालंय. एका खुनाच्या चौकशीत चार माऊ जबाब देतात.

हे तरी हसून सापडतं. खरा त्रास होतो तो दोन्ही शब्द खरे असतात तिथे. "पाटलांनी धाव घेतली" याचं "घाव घेतली" झालं तर व्याकरण अडवतं, पण "एकच धाव" आणि "एकच घाव" यातलं बरोबर कुठलं ते शुद्धलेखन तपासणी सांगू शकत नाही. रहस्यकथेत दोन्ही शोभतात. मूळ अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ वाचणं हाच उपाय. रोज थोडी पानं.

२२ जुलै
आता सीडीवरचा मजकूर. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर. रूपांतर करणारं साधन हे बहुतेक ठिकाणी बरोबर करतं, जोडाक्षरापाशी अडखळतं. रफार आणि वेलांटी एकाच अक्षरावर आली की तर खेळखंडोबाच.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो ऱ्य आणि ऱ्ह यांनी. दऱ्या, दोऱ्या, पायऱ्या, तऱ्हा. साधनाने अर्ध्यांचे र्य केले. "टेबलावर दोन सुऱ्या" याचं "दोन सुर्या" झालं, वाचणाऱ्याला वाटेल सुर्या नावाची नातवंडं. शिवाय हा अर्धा र संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखे, पण वाचकाने पुस्तकात "पायऱ्या" शोधलं तर एकाच प्रकारचे सापडतात. सगळे एकसारखे करून घेतले. हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

५ ऑगस्ट
आत्याचं पहिलं वाचन. ती शब्द नाही, आकडे तपासते. गट नंबर, क्षेत्र, तारखा. तिसऱ्या कथेपाशी थांबली आणि म्हणाली, "ही कथाच उरली नाही."

त्या कथेत गुन्हेगार टिपणावरच्या (मोजणीच्या जुन्या नोंदीवरच्या) १ ला शाईने शेपूट वळवून ९ करतो. मोजणीदाराला दोन कागदांवरचे आकडे वेगळे दिसतात आणि तिथून उलगडा सुरू होतो. खिळ्याच्या छपाईतला पुसट १ मशीनने ९ असा वाचला. म्हणजे दोन्ही कागदांवर ९. स्कॅनरने गुन्हेगाराचंच काम पुढे नेलं होतं.

त्यानंतर सगळ्या कथांतले आकडे वेगळे काढून यादी केली आणि आत्याने ती मूळ अंकांशी ताडून दिली. कादंबरी किंवा कविता असती तर याची गरज पडली नसती. या पुस्तकात पुरावा आकड्यांतच आहे.

तिने आणखी एक काम अंगावर घेतलं: शेवटी दोन पानांचा शब्दखुलासा. टिपण, फाळणी, फेरफार, शंकू-साखळी. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सातबारा आता मोबाइलवर दिसतो, तरुण वाचकाने साखळी पाहिलेली नाही.

१४ ऑगस्ट
एक जाड पुस्तक की दोन बारीक? वाद झाला. आत्याला सगळं एकत्र हवं होतं. माझं गणित असं: कोणी विकत घेतलं तर दोन पुस्तकांचे दोनदा पैसे येतात, आणि किंडल अनलिमिटेडवर (महिन्याची वर्गणी भरून हवं ते वाचायची ॲमेझॉनची योजना) वाचलं तर पानांवर पैसे मिळतात, तिथे एक असो की दोन, पानं तेवढीच. दोन करण्यात तोटा नाही. शिवाय पहिलं आवडलं तर दुसरं शोधायला वाचकाला कारण मिळतं.

पहिल्या भागात सात कथा. दुसरा भाग नंतर.

२ सप्टेंबर
ई-पब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल तयार. पुस्तकाची भाषा मराठी आहे हे फाइलमध्ये सांगितलं की काही फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे. हे सांगायचं अनेक जण विसरतात आणि मग वाचकाला पुस्तक कुठेतरी परकं वाटतं, का ते कळत नाही. ॲ सगळीकडे एकाच पद्धतीने घातला. मजकुरासाठी वेगळा फॉन्ट फाइलमध्ये घातला नाही, वाचणाऱ्याच्या यंत्रातला देवनागरी फॉन्ट चालू दे. फाइल एक एमबीच्या आत राहिली. त्याचं महत्त्व पुढे किंमत ठरवताना.

मुखपृष्ठ ओळखीच्या मुलीने हाताने काढलं: बांधावर रोवलेला मोजणीचा शंकू आणि त्याच्या सावलीत चपलेचा जोड. उंची २५६०, रुंदी १६०० पिक्सेल. मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं तेव्हा शीर्षक वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षरं तिला वाटत होती त्याहून मोठी करून घेतली. तिला आवडलं नाही. बरोबर आहे, पण दुकानात ते तेवढंच दिसणार.

१८ सप्टेंबर
खातं आत्याच्या नावाने, आत्याच्या पॅनवर, तिच्या बँकेत. हे मुद्दाम: रॉयल्टी लेखिकेची, माझा हिस्सा तिच्याकडून. एका माणसाला एकच खातं चालतं, त्यामुळे पुढेही सगळी पुस्तकं इथेच.

कराची प्रश्नावली भरताना ती सावध झाली. अमेरिकेचा फॉर्म कशाला? कारण अमेरिकेतल्या दुकानातून विक्री झाली तर तिथला कर आधी कापला जातो. एरवी सरसकट ३० टक्के, भारताशी असलेल्या कराराचा आधार घेऊन पॅन दिला तर रॉयल्टीवर १५ टक्के. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी वाचकांनी घेतलं तरच हे लागणार, पण भरून ठेवलं.

२३ सप्टेंबर
किंमत. हा दिवस आत्याचा.

भारतातल्या विक्रीवर ३५ किंवा ७० टक्के. ७० हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये टाकावं लागतं: ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, फुकटही द्यायचं नाही. छापील पुस्तकाला ही अट नाही. अमेरिकेतल्या विक्रीला ७० टक्क्यांसाठी सिलेक्ट लागत नाही, किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरमध्ये असली की झालं. भारतासाठी मात्र लागतं.

"७० टक्के कशावर?" ती विचारणार हे माहीतच होतं.

किमतीवर नाही. कर बाजूला ठेवून उरलेल्या किमतीतून आधी फाइल पोचवण्याचा खर्च जातो, भारतात एमबीला ७ रुपये, आणि मग उरलेल्याचे ७० टक्के. कर सोडून ९९ रुपये किंमत धरली आणि फाइल ०.६ एमबी, तर ४ रुपये २० पैसे वजा, ९४.८० चे ७० टक्के म्हणजे ६६ रुपये ३६ पैसे. समजा दिवाळी अंकांतली चित्रं घालता आली असती आणि फाइल चार एमबीने फुगली असती, तर हाच आकडा ४६.७६ झाला असता. म्हणजे चित्रांपायी प्रत्येक प्रतीमागे जवळपास वीस रुपये गेले असते. ३५ टक्क्यांना पोचवण्याचा खर्च कापत नाहीत: सरळ ३४.६५.

कराचंही एक टोक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर ५ टक्के, नुसत्याच ई-पुस्तकावर १८. छापील काढायचं आणखी एक कारण.

आत्याने वहीत तीन रकाने आखले: किंमत, मधलं, हाती. १९९८ च्या एकरकमी मानधनापुढे तिन्ही रकान्यांत रेघ मारली. प्रती किती निघाल्या तेच तिला कधी कळलं नव्हतं.

९९ रुपये, सिलेक्टमध्ये.

९ ऑक्टोबर
मुहूर्त दसऱ्याचा हवा होता. तपासणीला ७२ तासांपर्यंत लागू शकतात म्हणून आज पाठवलं. शोधशब्दांच्या सातही जागा भरल्या, काही देवनागरीत, काही रोमनमध्ये. मराठी वाचक शोधताना रोमनमध्येच टाइप करतो, हे मी स्वतःवरून सांगते. तीन वर्गवाऱ्या. भाषा मराठी.

११ ऑक्टोबर
एक दिवस आधीच दिसू लागलं. आत्याने वाचलं नाही, उद्या वाचेन म्हणाली.

२० ऑक्टोबर
नातेवाइकांना ताकीद: कोणीही परीक्षण लिहायचं नाही. कुटुंबातल्यांची परीक्षणं ॲमेझॉनच्या नियमात बसत नाहीत. मावशीला हे पटत नाही. तिने वाचलंय, आवडलंय, मग खोटं काय?

निवृत्त मोजणीदारांच्या व्हॉट्सॲप गटात मात्र कोणीतरी दुवा टाकला आणि तिथून वाचक आले. त्यातल्या एकाने लिहिलं की चौथ्या कथेतली हद्द कायम करण्याची पद्धत त्या वर्षी तशी नव्हती. आत्या दोन दिवस नकाशे काढून बसली आणि त्याला लांब उत्तर पाठवलं. वाचक असा हवा.

१५ नोव्हेंबर
ऑक्टोबरचा हिशोब दिसतो. विकल्या गेल्या पंचवीसेक प्रती, बहुतेक ओळखीच्या परिघातल्या. अनलिमिटेडवर वाचलेली पानं मात्र अपेक्षेपेक्षा बरीच, आणि दिवाळीच्या सुट्टीतला आलेख वेगळाच दिसतो.

हे पानांचं गणित आत्याला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. वाचक महिन्याला १६९ रुपये भरतो आणि हवं ते वाचतो. लेखकाला मिळतात ते वाचलेल्या पानांचे, तेही त्या वाचकाने पहिल्यांदा वाचलेल्या पानांचे. कोणी पुस्तक पुन्हा वाचलं तर काही नाही. पान म्हणजे छापील पान नाही, सगळ्या पुस्तकांसाठी ठरवलेलं एकसारखं पान. आणि पानाचा दर आधी माहीत नसतो: दर महिन्याचा एक निधी जाहीर होतो, त्या त्या देशातल्या वाचलेल्या पानांवरून दर निघतो, महिना संपल्यावर कळतो. हा दर रुपयांत नाही, पैशांत मोजायचा.

"म्हणजे पीक आल्यावर भाव," ती म्हणाली आणि वहीत चौथा रकाना आखला.

२ जानेवारी २०२५
पहिले पैसे बँकेत. महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, तसे आले. विक्री आणि पानं मिळून अडीच हजारांच्या आत. माझा हिस्सा आत्याने पाकिटात घालून दिला, वर एक रुपया.

९ जानेवारी
९० दिवस संपत आले. राहायचं की बाहेर पडायचं? बाहेर पडलो तर बुकगंगा, गुगल प्ले, कोबो सगळीकडे ठेवता येईल. पण भारतात ७० चे ३५ होतील आणि पानं बंद. आत्तापर्यंतचा अंदाज असा की पानांतून येणारी रक्कम विक्रीपेक्षा जास्त आहे. रहस्यकथेचा वाचक एका बैठकीत वाचतो आणि पुढच्याकडे जातो, तो विकत घेऊन जपत नाही. पूर्वी याच वाचकाला चौकातल्या वाचनालयात दिवसाच्या भाड्याने पुस्तक मिळायचं. संदर्भग्रंथ किंवा पाककृतींचं पुस्तक असतं तर मी उलटा सल्ला दिला असता. सध्या सिलेक्टमध्येच.

फुकट देण्याचे पाच दिवस प्रत्येक ९० दिवसांत मिळतात. दोन वापरले. फुकटात उतरवलेल्या प्रती भरपूर, पण त्यातल्या किती वाचल्या जातात ते कळायला मार्ग नाही. पुन्हा वापरायचे ते दुसरा भाग येईल तेव्हा.

१७ फेब्रुवारी
छापील पुस्तक हवं, असं निवृत्त मंडळींचं म्हणणं. त्यांचं वाचन कागदावरच. केडीपीची मागणीनुसार छपाई भारतातल्या दुकानासाठी नाही, त्यामुळे आपल्यालाच छापावं लागणार.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून, फुकट, लेखक-प्रकाशक म्हणून आत्याच्या नावाने अर्ज केला. ई-पुस्तकाला केडीपीवर तो लागत नाही.

११ मार्च
छपाईचा हिशोब. डेमी आकार, १७६ पानं, म्हणजे सोळा पानी अकरा फर्मे. डिजिटलवर २०० प्रती, प्रतीला सुमारे ९५ रुपये. ऑफसेटवर हजार काढल्या तर दर खूप खाली येतो, पण हजार प्रती कॉटखाली ठेवून झोपायची आत्याची तयारी नाही.

किंमत २२०. वितरकाने ४५ टक्के सांगितले. हे मात्र छापील किमतीवर. उरले १२१, छपाई वजा जाता २६. म्हणजे किमतीच्या बारा टक्क्यांच्या आसपास, तेही विकलं गेलं तर आणि पैसे आले तर. प्रकाशक दहा टक्के देतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण उरलेल्यात त्याचा कागद, गोदाम आणि उधारी असते. स्वतः छापून वितरकाकडे दिलं की जवळपास तेच हाती येतं आणि भांडवल आपलं अडकतं. स्वतः विकलं तरच फरक.

ठरलं: वितरक नाही. गटातल्या मागणीनुसार आपणच पाठवायचं. टपालाची रजिस्टर्ड बुक पोस्टाची सवलत डिसेंबरात बंद झाली, त्यामुळे एकेक प्रत महाग पडते. गावातल्या चौघांनी मिळून एक पार्सल मागवलं तर परवडतं, आणि ते मागवतात.

२८ एप्रिल
प्रती आल्या. कायद्याप्रमाणे चार ग्रंथालयांना एकेक प्रत आपल्या खर्चाने: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४ चा कायदा, ३० दिवसांत पाठवायच्या. स्वतः प्रकाशन करणारे बहुतेक जण हे करत नाहीत. आत्याने पावत्या फाइलला लावल्या. "नोंद झाली की मालमत्ता," एवढंच म्हणाली.

२१ जुलै
सीएकडे. आत्याने कुठेतरी वाचलं होतं की लेखकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत सूट आहे. आहे: कलम ८०क्यूक्यूबी, साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकांसाठी, पाठ्यपुस्तकं वगळून. पण एकरकमी हक्क दिलेले नसतील तर त्या वर्षी विकलेल्या पुस्तकांच्या किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंतचीच रॉयल्टी सुटीसाठी धरतात. ९९ रुपयांच्या प्रतीमागे १४.८५. वरचे पन्नासेक रुपये सुटीच्या बाहेर. दहा-पंधरा टक्के देणाऱ्या छापील व्यवहाराच्या मापाने कलम शिवलंय. आणि परदेशातून आलेली रॉयल्टी असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती भारतात आलेली असावी लागते.

हे सगळं ऐकून झाल्यावर सीए म्हणाला की ही सूट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि आत्या नव्या प्रणालीत आहे. तिचं निवृत्तिवेतन आणि ही रॉयल्टी मिळूनही सात लाखांच्या आत बसते, म्हणजे २०२४-२५ साठी कर शून्यच. बाहेर पडताना आत्या जरा हिरमुसली. तिला ते कलम वापरायचं होतं.

माझा हिस्सा माझ्या उत्पन्नात, व्यावसायिक कामाचे पैसे म्हणून. लेखिका मी नाही.

४ ऑगस्ट
दुसऱ्या भागाची यादी पक्की. एका कथेची मधली पानं झेरॉक्समध्येच नाहीत. अंक १९९१ चा. नगर वाचनालयात त्या वर्षीचा गठ्ठा वाळवीने गेलेला. पुण्यातल्या एका जुन्या संग्रहाला पत्र पाठवलंय. आत्या म्हणते, मिळालं नाही तर पुन्हा लिहीन, पण तेव्हाचा शेवट तिला आता पटत नाही, म्हणजे ती वेगळाच लिहिणार. तसं झालं तर ती कथा शेवटी घालायची आणि खाली २०२५ असं छापायचं.

किंमत या भागाचीही ९९. पहिला भाग दोन दिवस फुकट, दुसरा येईल त्या आठवड्यात. मुखपृष्ठाच्या मुलीला कळवलं: अक्षरं याही वेळी मोठी.